जंगल, नदी आणि आपल्या शाळेचा एक नियम
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीससाहेबांनी मला निमंत्रण दिले तेव्हा ‘शिक्षणाचे महत्त्व’ हा विषय सुचविला होता. त्या विषयावर मी नोकरीत असताना चौतीस वर्षे बोललो. ज्यांना ते पटायचे त्यांना पटले, आणि ज्यांना नाही त्यांनी मला चहा पाजून निरोप दिला. म्हणून आज त्यांची परवानगी घेऊन मी एका सहलीविषयी बोलणार आहे. ही सहल मी २०२४ च्या फेब्रुवारीत मलेशियात केली. पण तिची सुरुवात १९८६ साली आपल्याच भागातल्या एका नदीवर झाली होती, आणि ती गोष्ट आधी सांगितल्याशिवाय पुढची कळणार नाही.

जानेवारी महिना होता. आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही दोघे शिक्षक नदीकाठी वनभोजनाला गेलो होतो. थंडीचे दिवस, पाणी गुडघाभर. जेवणे झाली. एक मुलगा बिर्याणीचे पातेले धुवायला पाण्यात उतरला. पातेले हातातून सुटून वाहत निघाले, आणि मुलगा त्याच्या मागे गेला. गुडघाभर पाणी जिथे संपत होते तिथे कोंड होता, हे आम्हाला माहीत नव्हते. मुलगा दोनदा वर आला. मी काठावर उभा राहून ओरडत होतो. माझा जन्म खाडीकाठचा, बालपण होड्यांत गेलेले, आणि मला पोहता येत नव्हते.

पलीकडच्या तीरावर एक कातकरी मासे धरीत बसला होता. त्याने हातातले जाळे टाकले आणि उडी घेतली. मुलगा वाचला, अल्हम्दुलिल्लाह. तो आज नातवंडांचा आजोबा आहे. त्या माणसाने नंतर पुन्हा बुडी मारून पातेलेही काढून दिले, आणि मी देऊ केलेले पैसे न घेता जाळे उचलून तो निघून गेला. त्याचे नाव विचारायचेही मला सुचले नाही. याची लाज मला आजही आहे.

दुसऱ्या दिवशी मुलाची आई शाळेत आली. मला वाटले, आता ही बाई मला बोल लावणार. तिने एकच प्रश्न विचारला. “सर, तुम्हाला पोहायला येत नाही का?” मी नाही म्हटले. ती उठून गेली.

त्यानंतर समितीची बैठक झाली आणि नियम केला गेला. तो नियम माझ्याच अक्षरात आहे. ‘शाळेची सहल कोणत्याही नदी, धरण, तलाव अथवा समुद्राजवळ नेऊ नये.’ बैठकीत कोणीतरी म्हणाले, मुलींच्या सहलींचा तर विचारच नको. मी तेही लिहिले. पाण्यात पडला होता मुलगा, आणि सहली बंद झाल्या मुलींच्या! यातील विसंगती त्या दिवशी आम्हा नऊ शहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. माझी स्वतःची मुलगी याच शाळेत शिकली. वर्षावनांचा धडा तिने माझ्याकडूनच शिकला, आणि परीक्षेत तिला चांगले गुणही मिळाले. पण दहा वर्षांत शाळेने तिला एकदाही जंगल दाखविले नाही.

ती मुलगी आज क्वालालंपूरला नोकरी करते. तिने मला व तिच्या आईला तिकडे बोलावले आणि सांगितले, “अब्बा, तुम्ही जे फळ्यावर काढून शिकवलंत ते आता दाखवते.”

आता मूळ विषयाकडे येतो. क्वालालंपूरहून मोटारीने चार तास गेले की क्वाला तहान नावाचे गाव लागते. मलाय भाषेत ‘क्वाला’ म्हणजे नदीचे मुख किंवा संगम. तहान नदी जिथे तेंबलिंग नदीला मिळते तिथे हे गाव आहे. नदीच्या एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला तामान नगारा हे राष्ट्रीय उद्यान. ‘तामान’ म्हणजे उद्यान आणि ‘नगारा’ म्हणजे देश. हा ‘नगारा’ आपल्या ‘नगर’ शब्दाचाच भाऊ, संस्कृतातून समुद्र ओलांडून तिकडे गेलेला. आणि तिकडच्या निरोपातला ‘सलामत’ अरबीतून आलेला. दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे निघाले, त्यामुळे परक्या ठिकाणी आल्याची भावना निम्मी तिथेच गेली.

या उद्यानाचे क्षेत्रफळ ४,३४३ चौरस किलोमीटर आहे. पहांग, केलांतान आणि तेरेंगानू या तीन राज्यांत ते पसरलेले आहे. तिथल्या सुलतानांनी १९३८-३९ साली आपापल्या हद्दीतील जंगल राखून ठेवले, आणि इंग्रजांचे राज्य असल्यामुळे त्याला पंचम जॉर्ज बादशहाचे नाव मिळाले. १९५७ साली देश स्वतंत्र झाल्यावर ते नाव गेले आणि आजचे आले. हे जंगल तेरा कोटी वर्षांचे आहे असे तिकडच्या माहितीपत्रकांत छापलेले असते. आकड्याबद्दल मी हट्ट धरणार नाही. पण हिमयुगांत उत्तरेकडचे देश बर्फाखाली गेले तेव्हा या भागावर बर्फ आले नाही, त्यामुळे जगातील अतिप्राचीन जंगलांत याची गणना होते, एवढे खरे.

आमच्याबरोबर परवानाधारक वाटाड्या होता. तिशीतला मलाय तरुण, त्याच भागात वाढलेला. तो मला आधी ‘पाचिक’ म्हणजे काका म्हणू लागला, आणि मी शिक्षक होतो असे मुलीने सांगताच ‘चिकगू’ म्हणू लागला. तिकडे शिक्षकाला ‘चिकगू’ म्हणतात, आणि त्यातला ‘गू’ म्हणजे आपला ‘गुरू’. विद्यार्थी मित्रांनो, हसू नका.

पहिल्या दिवशी आम्ही तेरेसेक नावाच्या टेकडीवर गेलो. टेकडी तशी लहानच, पण दमट हवेत माझा सदरा पहिल्या वीस मिनिटांत पिळण्यासारखा झाला. वर्गात मी शिकवीत असे की वर्षावनात सूर्यप्रकाश जमिनीवर पोहोचत नाही. ते वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिले असेल! पण दिवसा अकरा वाजता संध्याकाळ झाल्यासारखे वाटणे म्हणजे काय, ते तिथे उभे राहिल्यावर कळते. वर पडणाऱ्या उजेडाच्या शंभरातले एकदोन भागच खाली येतात. म्हणून खाली गवत जवळजवळ नाही. झाडे सरळसोट वर जातात आणि खूप उंचावर जाऊन मग फांद्या फोडतात. बुंध्याशी भिंतीसारखी मुळे पसरलेली असतात. एका मुळाआड माझी नात लपली तर ती आम्हाला दिसेना. मी वाटाड्याला विचारले, एवढ्या प्रचंड झाडाची मुळे जमिनीत किती खोल असतील? त्याने पायाने पाचोळा बाजूला केला. खाली चार बोटे काळी माती, आणि त्याखाली पिवळट चिकणमाती. सगळा कस त्या चार बोटांत. म्हणून मुळे खाली न जाता आडवी पसरतात आणि तोल सांभाळण्यासाठी त्या भिंती उभ्या राहतात. जंगल तोडून शेती केली की तो कस काही वर्षांत संपतो, कारण तो मातीत साठवलेला नसतोच. पडलेले पान कुजते न कुजते तोच दुसरे झाड ते उचलते.

आपल्या कोकणात पाऊस काही कमी नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक पडतो. पण आपला पाऊस चार महिन्यांत सगळा देऊन मोकळा होतो, आणि उरलेले आठ महिने झाडांनी कसे काढायचे ते झाडांनीच पाहावे. तिकडे तो बारा महिन्यांत वाटलेला असतो, नोव्हेंबर ते जानेवारीत जरा जास्त. म्हणून आपल्याकडे पानगळ आणि तिकडे सदाहरित. सह्याद्रीच्या दऱ्यांत जिथे ओल टिकते तिथे आपल्याकडेही असे जंगल आहे, हे मुलांनी विसरू नये. ते पाहायला पासपोर्ट लागत नाही.

वाटेत एक फार उंच, गुळगुळीत बुंध्याचे झाड पाहिले. त्याला तुआलांग म्हणतात. त्याच्या फांद्यांना मोठमोठी पोळी लटकत होती. मी निरखून पाहिले आणि ओळखले. आपले आग्या मोहोळ! तीच माशी, तिकडेही ती उंच झाडच निवडते. बुंधा गुळगुळीत असल्याने अस्वलाला चढता येत नाही. मधासाठी माणसेही हे झाड सहसा तोडत नाहीत.

वाघ दिसला का, हा प्रश्न मला परत आल्यापासून सगळ्यांनी विचारला. नाही दिसला. संपूर्ण मलेशियात आता दीडशेदेखील रानटी वाघ उरलेले नाहीत. दिसल्या त्या जळवा. विड्याच्या काडीएवढी जळू पानाच्या टोकावर उभी राहून हवेत डोलत असते, आणि कोण केव्हा चढली ते कळत नाही. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, म्हणून ती सुटून पडल्यावरही रक्त वाहतच राहते. माझ्या पायाला चार लागल्या. नमाजची वेळ झाली तेव्हा मी वाटाड्याकडे पाहिले आणि तो हसला. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आणि मलाय लोकही शाफई. रक्त आल्याने वुजू मोडत नाही, हे आम्हा दोघांनाही सारखेच शिकविलेले होते. पायावरचे रक्त धुतले आणि उभे राहिलो. त्याने मला पुढे केले. मी मुसाफिर म्हणून दोन रकातींवर सलाम फेरला, आणि तो स्थानिक असल्यामुळे उठून त्याने आपल्या उरलेल्या दोन पूर्ण केल्या. डोक्यावर कुठेतरी धनेशाच्या पंखांचा आवाज येत होता, दूर चाललेल्या आगगाडीसारखा.

दुसऱ्या दिवशी नदी. ज्यासाठी मी हे सगळे सांगत आहे तो हाच भाग.

अरुंद लांब होडीतून आम्ही तहान नदीने वर गेलो. तेंबलिंगचे पाणी गढूळ, पण तहानचे बिनदुधाच्या चहासारखे, तपकिरी आणि तरीही स्वच्छ. पानांचा अर्क उतरल्यामुळे तो रंग येतो. दोन्ही काठांची झाडे नदीवर ओणवून एकमेकांना टेकलेली. होडीतून उतरून जंगलातून थोडे चालले की लाता बेरकोह येते. ‘लाता’ म्हणजे खडकांवरून उड्या घेत येणारे पाणी. त्याच्या खाली मोठा डोह. डोहाला तिकडे ‘लुबोक’ म्हणतात, आणि आपण कोंड म्हणतो. मी कोंड पाहिला आणि माझे पाय खडकावरच थांबले.

नऊ वर्षांची नात कपडे बदलून तयार. माझी मुलगीही तयार. हातापायांपर्यंत अंग झाकणारा, डोक्यावर टोपी असलेला पोहण्याचा पोशाख तिकडे पुष्कळ मुसलमान स्त्रिया घालतात, तो तिने घातला होता. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, बायकांसाठी राखून ठेवलेल्या वेळी तलावावर जाऊन ती पोहायला शिकली, हे मला तिथे कळले. मला तिने सांगितले नव्हते. का सांगितले नव्हते, ते मला विचारावे लागले नाही.

पण वाटाड्याने कोणालाही पाण्यात उतरू दिले नाही. आधी तो नदीच्या वरच्या अंगाला पाहत बराच वेळ उभा राहिला. मग नावाड्याला विचारले की रात्री वर डोंगरात पाऊस झाला का. मग पाण्याच्या अगदी काठाला त्याने एक दगड ठेवला, अर्धा ओला आणि अर्धा कोरडा. एक वाळकी काटकी टाकून ती कुठे जाते, कुठे गरगरते ते पाहिले. आम्हाला जवळ बोलावून सांगितले की त्या पांढऱ्या खडकापलीकडे कोणी जायचे नाही, धबधब्याच्या फेसात जायचे नाही, आणि शिटी वाजली की काहीही विचारायचे नाही, बाहेर यायचे. कोणाला पोहता येते आणि कोणाला नाही, हे त्याने एकेकाला विचारले. मला विचारले तेव्हा १९८६ सालची ती आई माझ्यापुढे उभी राहिली. मी म्हटले, नाही येत.

मी त्याला विचारले, दगड कशाला ठेवलास? तो म्हणाला की त्यांच्याकडे ‘कपाला आयर’ नावाचा प्रकार असतो. ‘कपाला’ म्हणजे डोके आणि ‘आयर’ म्हणजे पाणी. वर कुठेतरी पाऊस पडतो, खाली ऊन असते, आणि एकाएकी पाण्याचा लोंढा येतो. आपल्याकडे पहिल्या पावसात धबधब्याखाली गेलेली तरुण मुले अशाच लोंढ्यात सापडतात. पण तो येण्याआधी नदी सांगते, असे तो म्हणाला. नितळ पाणी गढूळ होऊ लागते. पाने, काटक्या, माती वाहून येतात. आवाज बदलतो. आणि काठचा अर्धा कोरडा दगड पुरा भिजतो. यातले एक दिसले तरी वर चढायचे, चपला शोधायच्या नाहीत.

पालक हो, मी भूगोलाचा शिक्षक. नदीची युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था, सगळे मी शिकविले. पण काठाला दगड ठेवून पाहायचे, एवढे मी एकाही मुलाला शिकविले नाही. ते मला कोणी शिकविले नव्हते, आणि त्या १९८६ च्या नियमानंतर शिकवायचे कारणही उरले नव्हते.

मुलगी आणि नात पाण्यात उतरल्या. वाटाड्या प्रवाहाच्या खालच्या बाजूला कमरेएवढ्या पाण्यात, दोर घेऊन उभा राहिला. वरच्या बाजूला नाही, हे लक्षात घ्या. वाहून जाणारा माणूस खालीच येतो. आम्ही त्या दिवशी काठावर ज्या जागी उभे होतो ती जागाच चुकीची होती.

थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली, “चिकगू, या.” मी नको म्हटले. नात ओरडली, “नाना, मी धरते तुम्हाला.” अखेर जीवरक्षक जाकीट बांधून मी उतरलो. पाणी थंडगार. पायाशी मोठमोठे मासे फिरत होते. केलाह म्हणतात त्यांना. आपल्या महाशीरच्याच कुळातले. तिथे त्यांना धरायला बंदी आहे म्हणून ते माणसाला भीत नाहीत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीचे मासे गावकऱ्यांनी असेच राखले आहेत, ज्यांनी पाहिले असेल त्यांना आठवेल. वाटाड्याने माझ्या मानेखाली हात दिला आणि कान पाण्यात बुडवायला सांगितले. कान बुडाले आणि सगळा आवाज बंद झाला. वर पानांचा मांडव दिसत होता. मी तरंगत होतो. त्याने हात केव्हा काढला ते मला कळले नाही. माझे वय तेव्हा सहासष्ट होते.

पत्नी काठावरून पाहत होती. तिने एवढेच म्हटले, “चाळीस वर्षं उशीर केलात.”

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यांत लहान मुले फार. त्यावर जे उपाय ही संघटना सांगते त्यांत शाळेच्या वयाच्या मुलांना पोहणे आणि पाण्यातली सावधगिरी शिकविणे हा एक आहे. आपल्या धर्मपरंपरेत तर मुलांना पोहणे शिकविण्याची ताकीद हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने सांगितली जाते, आणि ती आपण जलशांत ऐकतोही. आपले एकूण एक गाव खाडीवर, नदीवर किंवा ओढ्यावर आहे. पाणी टाळून आपली मुले कुठे जाणार? शाळेने सहल नेली नाही म्हणून ती नदीवर जायची राहिली नाहीत. ती एकटी गेली, आम्हाला न सांगता. या चाळीस वर्षांत आपल्या गावांत किती मुले बुडाली ती नावे मी इथे घेणार नाही. त्यांपैकी काहींचे वालिद या सभागृहात बसलेले आहेत.

म्हणून मी संस्थेकडे एक लेखी अर्ज दिला आहे. माझ्याच अक्षरातला तो नियम रद्द करावा. मुलांची आणि मुलींची, दोघांचीही सहल सह्याद्रीच्या जंगलात न्यावी, पण जाणता वाटाड्या बरोबर घेऊन. तो वाटाड्या बहुधा त्या रानातलाच कोणी कातकरी किंवा धनगर असेल. त्याला योग्य मेहनताना द्यावा आणि त्याचे नाव सहलीच्या नोंदवहीत लिहावे. पावसाळ्यात जाऊ नये. माझ्या काही मित्रांना हे पटत नाही, आणि त्यांची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ती भीती मीच त्यांना लिहून दिली होती.

तोपर्यंत एक लहान काम मी स्वतः अंगावर घेतो. एप्रिलमध्ये नदीचे पाणी उतरले की दर रविवारी फजरनंतर मुलांसाठी पोहण्याचा वर्ग. गावातले दोन पट्टीचे पोहणारे शिकवायला तयार झाले आहेत. मे महिन्यात माझी मुलगी सुट्टीवर येत आहे. मुलींचा वर्ग ती घेईल, वेगळ्या वेळी आणि वरच्या अंगाच्या आडोशाच्या डोहात, आणि ज्या आयांना बरोबर यायचे असेल त्यांनी जरूर यावे. मला स्वतःला अजून दहा हातांपलीकडे पोहता येत नाही, तेव्हा मी प्रवाहाच्या खालच्या बाजूला दोर घेऊन बसेन. काठाला दगड ठेवण्याचे कामही माझ्याकडे. नावे शाळेच्या कचेरीत द्यावीत, पालकांच्या सहीने. दोर आणला आहे, पांगाऱ्याच्या लाकडाचे बिंडे करून देतो असे सुताराने कबूल केले आहे. ट्रकच्या टायरच्या जुन्या ट्यूब मात्र अजून चार-पाच हव्या आहेत. कोणाकडे असतील तर पंक्चर काढून आणाव्यात.